मृदंगाची कणीक

मृदंगाला रोज ताजी कणीक लागते. उजव्या तोंडावरची शाई एकदा भरली की वर्ष-दोन वर्षं तिच्याकडं बघावं लागत नाही. डावं तोंड मात्र प्रत्येक कीर्तनाआधी उपाशी असतं. गव्हाच्या ओल्या कणकेची छोट्या भाकरीएवढी थापी त्यावर नीट बसवली, तरच मृदंग पोटातून बोलतो. कणीक घट्ट झाली तर आवाज कोरडा निघतो. सैल झाली तर पहिल्याच गजरात सुटून शेजारच्या टाळकऱ्याच्या धोतरावर पडते. आणि कीर्तन संपलं की ती टाकून द्यायची नसते. दोन तास हरिनाम अंगावर घेतलेलं ते अन्न, गाईच्या मुखी घालायचं.

जुन्नरकडल्या मढ गावाच्या वर डोंगरात जी वाडी आहे, तिथं भिकाच्या घरी हा नेम छत्तीस वर्षं पाळला गेला. कणीक मळायची त्याची बायको साळुबाई. बाहेरगावचं कीर्तन असलं की ओल्या फडक्यात गुंडाळून हातात द्यायची. माप असं तिच्याकडं नव्हतंच. एका हातानं गोळा दाबायची, दुसऱ्या हातानं स्वतःच्या कानाची पाळी दाबायची, आणि दोन्ही सारखंच मऊ लागलं की म्हणायची, "झालं. न्या आता माझ्या सवतीला." मृदंगाला ती सवत म्हणायची आणि त्या सवतीचे लाडही तीच करायची. मृदंगाची खोळ तिनंच शिवली होती, आपल्या हिरव्या लुगड्याची.

चार वर्षांपूर्वी साळुबाई गेली. तेव्हापासून भिका आपल्या हातानं कणीक मळू लागला, पण ती त्याला कधी जमली नाही. कधी तिचा दगड व्हायचा, कधी चिखल. स्वतःच्या कानाची पाळी दाबून बघायचा. पण सत्तरीला टेकलेल्या गड्याची पाळी ती, वाळलेल्या खारकेसारखी. तिच्यावरून काय अंदाज यायचा?

आता कानाचं निघालंच आहे, तर जी गोष्ट एकट्या साळुबाईला ठाऊक होती तीही सांगून टाकू. दहा वर्षांपूर्वी एका सप्ताहात सात दिवस कर्ण्याच्या तोंडाशी वाजवून भिकाचा डावा कान गेला तो गेलाच. उजवाही निम्माच उरला. भिकानं हे कुणाला सांगितलं नाही. कीर्तनाची सगळी लय ज्याच्या हातावर उभी, त्यानंच मला ऐकू येत नाही म्हटलं, तर त्याला पुन्हा बोलावील कोण?

मग त्यानं आपली एक युक्ती काढली. ज्यांच्या मागं तो वाजवायचा, ते गेणभाऊ महाराज. त्यांच्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागं भिका उभा राहायचा, म्हणजे आपला बरा कान त्यांच्याकडं आणि नजर त्यांच्या टाचेवर. बुवांना चाल वाढवायची असली की टाच उचलायची. थांबायचं असलं की हात वर जाण्याआधी टाच भुईवर घट्ट टेकायची. हे खुद्द बुवांनाही माहीत नव्हतं. दहा वर्षं त्या भेगाळलेल्या टाचेनं भिकाला वाट दाखवली. लोक म्हणायचे, भिकाभाऊ कसा मान खाली घालून, लीन होऊन वाजवतो बघा.

कीर्तन सोडून बाकी ठिकाणी त्याचं काम एका "हो, हो"वर भागायचं. कुणी काही बोललं आणि कळलं नाही की मान डोलवायची, हो, हो. असं हो-हो म्हणता म्हणता तो एका लग्नात आचारी ठरला होता आणि ग्रामपंचायतीच्या एका ठरावाला अनुमोदन देऊन बसला होता. लोक हसायचे, तोही हसायचा. पण गेल्या दिवाळीच्या आधी चाकणहून त्याच्या लेकाचा, रामदासचा फोन आला. डोंगरात रेंज धड नाही, आवाज तुटत होता. भिका सवयीनं हो, हो म्हणत राहिला. लक्ष्मीपूजनाला दारात बसून वाट बघितली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की, पोरानं विचारलं असणार, यंदा आम्ही नाही आलो तर चालंल ना, दादा?

ही दिवाळी एवढी जड गेली त्याचं कारण त्याच्याही आधी, चैत्रात, आळे गावच्या सप्ताहात घडलं होतं.

आळ्यात मांडव मोठा, माणूस उदंड, आणि उत्साहही तसाच. मंडळींनी यंदा कीर्तनाची जागा सजवताना बुवांच्या पायापाशी झेंडूच्या फुलांची वीतभर उंच चौकट मांडली होती. दिसायला फार देखणी. बुवा त्या चौकटीत उभे राहिले आणि त्यांची पावलं फुलांत बुडाली. उजव्या बाजूला माणसाएवढे दोन स्पीकर धडधडत होते. भिकानं मान वाकवली, पुढं काढली, पण टाच काही दिसेना. तरी दीड तास त्यानं छत्तीस वर्षांच्या सवयीवर निभावलं. शेवटचा गजर रंगात आला. सगळा मांडव उभा राहिला. बुवांनी हात वर केला. टाळ थांबले, वीणा थांबली, पेटी थांबली, हजारभर माणूस एकदम गप्प झालं, आणि त्या शांततेत भिका एकटाच वाजवत राहिला. मान खाली, डोळे फुलांवर. एक आवर्तन, दोन, तीन, चार. टाळकऱ्यानं खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो थांबला.

लोक हसले. गेणभाऊ महाराज मनानं चांगले, त्यांनी सांभाळून घ्यायला म्हटलं, "असू द्या, आमचा भिका अजून वैकुंठातून खाली उतरला नाही." त्यावर लोक आणखी हसले. भिकाही हसला. कुणीतरी ते फोनवर टिपलं होतं, ते चार दिवसांत तालुकाभर फिरलं.

त्यानंतर बुवांचा फोन आला नाही. आषाढीला नाही, श्रावणात नाही, गोकुळाष्टमीला नाही. दुसरा मृदंगी उभा राहतो असं कानावर आलं. बुवा रागावले असते तर बरं झालं असतं. भांडायला जाता आलं असतं. पण त्यांनी नुसतं बोलवायचं थांबवलं. आणि मृदंगी माणसाला आपण होऊन जाता येत नाही. निरोप आल्यावरच जायचं असतं.

मृदंग खुंटीवर लटकला. घरात गव्हाचं पीठ फक्त पोळीपुरतं निघू लागलं, तेही एकट्याच्या दोन पोळ्यांचं. दिवाळीनंतर तांबू गाय साळुबाईच्या भाच्याकडं पारगावला पोचवली. एकट्यानं गवत कापणं होईना. गोठ्यातली गव्हाण रिकामी झाली. संध्याकाळी भिका त्या गव्हाणीच्या कडेवर बसायचा आणि मांडीवर बोटं हलत राहायची. रोज ठेका धरायचा आणि रोज बरोबर समेवर हात उचलून बघायचा. एकट्यानं थांबायला काय लागतं? त्याला एवढंच हवं होतं की, एकदा, फक्त एकदा, भरल्या कीर्तनात चार माणसांबरोबर आपल्याला वेळेवर थांबता यावं. मग मृदंग सुटला तरी चालेल. पण चार आवर्तनं जास्त वाजवलेला भिका म्हणून जगातून जायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

तरी मार्गशीर्षात एके दिवशी त्यानं मन घट्ट केलं. नुसता टांगून ठेवला तर चामडं मरतं, त्यापेक्षा जुन्नरच्या एका भजनी मंडळाला देऊन टाकावा. खोळीत घातलेला मृदंग मांडीवर घेऊन तो एसटीत बसला. कंडक्टर म्हणाला, "बाबा, ह्याचं अर्धं तिकीट काढावं लागंल." भिका म्हणाला, हो, हो.

जुन्नरात उतरलं की ओझं टेकवायची त्याची जागा ठरलेली होती, हिरड्याचे व्यापारी माणिकचंद शेठ यांची पेढी. शेठचे पणजोबा मारवाडातून आलेले, पण शेठची बोली पेठेतली. डोंगरातला प्रत्येक हिरडा आणि तो आणणारा प्रत्येक माणूस त्यांना ओळखीचा. हिरवी खोळ बघून ते गादीवरून म्हणाले, "काय भिकाभाऊ, आज सवतीला बाजार दाखवायला आणलंस का?"

साळुबाईचा तो शब्द चार वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. भिकानं पाणी मागून घेतलं आणि मग सांगितलं, हिला द्यायला निघालोय. का ते शेठनी विचारलं नाही. तालुक्यात फिरलेलं त्यांच्याही फोनवर आलं असणारच. त्यांनी हातातला हिरडा दोन-तीनदा उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "दे की. पण परवा संध्याकाळनंतर दे."

परवा नाताळ होता. शेठच्या शेजारी शांतवन मास्तर राहायचे, शाळेतून निवृत्त झालेले. दर नाताळला आपल्या चर्चमध्ये ते कीर्तन करायचे. यंदा त्यांचा तबलजी स्कूटरवरून पडून मनगट प्लास्टरमध्ये घालून बसला होता आणि मास्तर दोन दिवस पडेल चेहऱ्यानं हिंडत होते. शेठनी त्यांना हाक मारली. ते येईपर्यंत भिकाला समजावलंही, "हे बघ, आमचे जैन महाराज नुसतं बोलतात, तुमचे गातात. ह्या मास्तरांचं म्हणशील तर दोन्ही."

भिकाला वाटलं होतं कोटबीट घातलेला कुणी साहेब येईल. आले ते मफलर गुंडाळलेले, सडपातळ, आपल्या बोलीत बोलणारे गृहस्थ. फेटा बांधतो, उपरणं घेतो, हातात चिपळ्या, आधी पूर्वरंग मग उत्तररंग, आजोबांपासून आमच्या घरात चालत आलंय, असं त्यांनी सांगितलं. आजोबांनी पदंही स्वतःच रचलेली, अगदी ओवीच्या चालीची. भिका ऐकत राहिला. कीर्तन इतक्या जवळ, जुन्नरच्या भर पेठेत, आपल्याला माहीत नसलेल्या देवळात वर्षानुवर्षं चाललंय, ह्याचंच त्याला नवल वाटलं.

"मास्तर, आमी माळकरी मानसं," तो म्हणाला. "तुमच्या देवाचं मला काय बी ठावं न्हाई."

"देवाचं मी सांगतो. तुम्ही ठेक्याचं बघा."

भिकानं शेवटी मूळ मुद्दाच काढला. "आळ्याचं तुमी ऐकलं नसंल."

"ऐकलं नाही, पाहिलं," मास्तर म्हणाले. "फोनवर आलं होतं. लोक कशाला हसले ते मला कळलं नाही. सगळे थांबल्यावरसुद्धा तुमची लय केसभर हलली नव्हती. मी आमच्या तबलजीला दोनदा दाखवलं, म्हटलं, हे शीक."

आठ महिन्यांत हे कुणी म्हणालं नव्हतं. भिकानं खोळीची गाठ उगीचच सोडली आणि परत बांधली. मास्तरांनाही वाटत असणार की तो भक्तीत बुडाला होता. खरं कारण ओठांवर आलं होतं, पण त्यानं ते गिळलं. फक्त दोन अटी घातल्या. एक, मी तुमच्या डाव्या अंगाला, अर्धं पाऊल मागं उभा राहीन. दुसरी, तुम्ही अनवाणी उभं राहायचं.

"अनवाणीच असतो. फक्त थंडीत मोजे घालतो."

"मोजे बी काढायचे."

माणिकचंद शेठ म्हणाले, "मोज्यांनी ठेका बिघडतो व्हय रे राव?"

भिकानं मान डोलवली. हो, हो.

नाताळच्या दिवशी चारच्या सुमारास तो चर्चमध्ये पोचला. पत्र्याच्या छपराची, चुना लावलेली लहानशी वास्तू. दाराला आंब्याचं तोरण, आत पताका, तुळईला चांदणीच्या आकाराचे कागदी कंदील. पुढं एका कोपऱ्यात खऱ्या गवताचा गोठा मांडला होता. त्यात मातीची माणसं, मेंढरं, एक बैल आणि एक गाय. बैल तर पोळ्याच्या बाजारातलाच होता, शिंगांना बेगड तशीच चिकटलेली. गाय जुनी होती, तिचं एक शिंग मोडलेलं. मधोमध लाकडाची इवलीशी गव्हाण, अजून रिकामी. भिका तिच्यासमोर जरा वेळ उभा राहिला. गव्हाण त्यानं बरोबर ओळखली. घरीही आज तशीच होती.

मास्तरांच्या पत्नी सुवार्ताबाई ह्या चर्चमधल्या सगळ्या स्वयंपाकाच्या धनीण. भिकानं कणीक मागितली तेव्हा त्यांनी लगबगीनं केकचा उरलेला मैदा भिजवून आणला. भिकानं बोटानं चाचपला आणि कसं सांगावं असं होऊन हसला. मैदा चिकटतो, पण बोलत नाही. गव्हाचं पीठ पाहिजे. सुवार्ताबाईंनी गव्हाचं पीठ काढलं, परातीत पाणी घातलं आणि विचारलं, "किती मऊ करू?"

भिकाला माप सांगता येईना. त्यानं आपली कानाची पाळी चिमटीत धरली. "हिच्याएवढी. म्हंजे माझ्या न्हाई, तुमच्या."

सुवार्ताबाई हसल्या. पण लगेच एका हातानं गोळा दाबला, दुसऱ्या पिठाच्या हातानं कानाची पाळी दाबली. डोळे बारीक करून दोन्हींचा अंदाज घेतला. पाळीला पीठ लागलं. भिकानं तोंड फिरवून खोळ सोडायला घेतली. त्यांनी गोळा पुढं केला तो हातात घेताच त्याला कळलं की बरोबर झालाय. धुमेवर, म्हणजे मृदंगाच्या डाव्या तोंडावर, थापी बसली. त्यानं एक थाप दिली, आणि पत्र्याखालची ती छोटी जागा पोटातून हुंकारली.

पाचाला कीर्तन उभं राहिलं. शंभर-सव्वाशे माणूस. पुढच्या रांगेत, आपण परक्या देवळात आलोय ते कळत असूनही ऐटीत बसलेले माणिकचंद शेठ आणि त्यांच्या पत्नी सज्जनबाई. मास्तर फेटा बांधून आले. पायांत मोजे नव्हते. थंडीनं अंगठे आखडले होते, पण टाच स्वच्छ दिसत होती. शिक्षकाची टाच ती, आयुष्यभर फळ्यासमोर उभी राहिलेली, जरा बाहेरच्या बाजूनं झिजलेली. पहिल्या नमनातच भिकानं तिची भाषा ओळखली. ही टाच गेणभाऊंसारखी उचलत नव्हती. आधी डावीकडं कलायची, मग थांबायची. चार पदं झाली आणि दोघांचं जुळलं.

उत्तररंगात मास्तरांनी कथा लावली. सातव्या-आठव्या महिन्याची नव्हे, अगदी दिवस भरलेली मरीया, बरोबर तिचा नवरा योसेफ, परगाव, थंडी, आणि एकेक दार. प्रत्येक दारावर मास्तर टाळी वाजवून थांबायचे आणि मंडळी म्हणायची, "जागा द्या हो, जागा द्या, पाऊलभर जागा द्या." मास्तर एका दारावर कंजूस घरमालक व्हायचे, एका दारावर झोपमोड झालेली सासू. लोक हसायचे आणि लगेच पुढच्या दाराला गप्प व्हायचे. खरं कीर्तन तेच, हसवता हसवता काळजात हात घालणारं. भिका माळकरी खरा, पण त्या बाईसाठी त्याचा हात हलका झाला. पोटुशी बाई चालतेय म्हटल्यावर मृदंगानं आदळआपट करून कसं चालेल?

शेवटी एका गोठ्यापाशी दोघं पोचली. मास्तरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, जन्माला मोठा गजर होईल, आणि बाळ गव्हाणीत ठेवलं की मी टाच... नाही, टाचेचं त्यांना कुठं माहीत होतं? मी हात वर करीन, असं म्हणाले होते, मग सगळं एकदम शांत झालं पाहिजे.

गजर सुरू झाला. टाळ्या, टाळ, पेटी, वर पत्र्याचा घुमारा. भिकाची नजर टाचेवर होती. आणि तेवढ्यात, घोंगड्या पांघरून मेंढपाळ झालेली सगळी पोरं ठरल्याप्रमाणं उठून गोठ्याकडं निघाली, ती नेमकी मास्तरांच्या आणि भिकाच्या मधून. मास्तर रंगात येऊन त्यांच्याबरोबर पुढं सरकले. टाच दिसेनाशी झाली. समोर नुसत्या घोंगड्या.

तोच प्रसंग, तीच गर्दी. उजव्या कानात सगळा एकच गदारोळ, डाव्यात काहीच नाही. भिकानं मान वाकवली, बाजूला काढली. घोंगड्याच. हात चालत होते, पण आता ते आळ्यातले हात होते, थांबायचं कुठं ते न कळणारे. सगळ्यांसमोर पुन्हा तेच होणार. ह्या परक्या माणसांनी विश्वासानं बोलावलं, त्यांच्या सणाच्या दिवशी.

त्यानं डोळे वर केले. घोंगड्यांच्या फटीतून गोठा दिसत होता. मोडक्या शिंगाची गाय दिसत होती. सुवार्ताबाई वाकून कापडात गुंडाळलेलं मातीचं बाळ गव्हाणीत ठेवत होत्या. एका हातानं डोकं धरलेलं, दुसऱ्या हातानं गवत सारखं केलेलं.

रामदास झाला ती रात्र भिकाला आठवली. पावसानं घर गळत होतं म्हणून साळुबाईनं पोराला गोठ्यातल्या कोरड्या गव्हाणीतच ठेवलं होतं, आणि तांबूची आजी तिथं उभी होती, ती रवंथ करायचीसुद्धा थांबली होती.

बाळाचं डोकं गवताला टेकलं. भिकाचे दोन्ही हात मृदंगावरून उचलले गेले आणि हवेत राहिले.

सगळं थांबलं होतं. टाळ, पेटी, टाळ्या, सगळं, त्याच्याबरोबर, त्याच घटकेला. आधी कोण थांबलं हे कुणालाच सांगता आलं नसतं. घोंगड्या बाजूला झाल्या तेव्हा मास्तर हात वर करून उभे दिसले. भिकाचे हात अजून हवेतच होते. त्याला ती शांतता ऐकू येत नव्हती, पण सव्वाशे माणसांच्या चेहऱ्यावर ती दिसत होती. शेठ डोळे मिटून बसले होते. कुणी हसलं नाही.

आरती झाली, प्रसाद म्हणून करंज्या आणि केक वाटला गेला. लोक एकमेकांना मिठ्या मारत, शुभेच्छा देत अंगणात गेले. माणिकचंद शेठ जाताना भिकाच्या पाठीवर थाप मारून काही बोलले. काय ते कळलं नाही, पण चांगलंच असावं. अंगणात दिवे लागले, घराघरांतली माणसं आपापल्या घोळक्यानं उभी राहिली. आत भिका एकटा उरला.

तो गोठ्याच्या कडेला मांडी घालून बसला आणि मृदंग मांडीवर आडवा घेतला. धुमेवरची कणीक बोटांनी अलगद सोडवली. अजून मऊ होती. दीड तास वाजवूनही एवढीशी भेगाळली नव्हती. तिचा गोळा करून तो हातात धरून बसला. ही गाईला घालायची. पण घरी गाय नाही, आणि सवयीनं उठून जायचं कुठं हेही त्याला क्षणभर उमगेना. समोर मोडक्या शिंगाची गाय होती. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, आणि कणकेचा गोळा तिच्या तोंडाशी, गवतावर ठेवला.

मग खोळ चढवली. भजनी मंडळाची वाट त्याला माहीत होती. शेवटच्या एसटीला अजून तासभर होता.

थोड्या वेळानं त्याच्या ध्यानात आलं की बाजूला कुणीतरी उभं आहे. डाव्या बाजूला. सुवार्ताबाई होत्या, हातात झाकलेलं ताट. त्या काहीतरी विचारून उत्तराची वाट बघत असाव्यात, कारण त्यांचा चेहरा तसा होता. त्यांच्या कानाच्या पाळीला अजून पीठ लागलेलं होतं. भिकाची मान सवयीनं डोलायला लागली, ओठांवर हो, हो आलं.

त्यानं ते तिथंच थांबवलं.

"ताई, ह्या कानानं मला ऐकू येत न्हाई," तो म्हणाला. "धा वर्सं झाली. आळ्याला बी त्यानंच झालं. हिकडून बोला."

सुवार्ताबाईंनी एकदा त्याच्याकडं पाहिलं. मग गोठ्याला वळसा घालून, मेंढरं पडू नयेत म्हणून पदर सावरत, त्या त्याच्या उजव्या बाजूला येऊन खाली बसल्या आणि सावकाश, वाकून बोलल्या.

"म्हटलं, घरी कुणी वाट बघतंय का? नसेल तर जेवूनच जा."

भिकानं नीट ऐकलं.

"न्हाई," तो म्हणाला. "कुणी न्हाई."

आणि ताटाला जागा व्हावी म्हणून त्यानं हिरव्या खोळीतला मृदंग उचलून आपल्या दुसऱ्या अंगाला ठेवला.